जांभळाचा फेस

बर्फ आला तो मासळीच्या टेंपोतून, आणि बर्फाबरोबर बोंबलांचा वासही आला.

संगिता नरपडहून स्वतः पुढच्या सीटवर बसून आली होती. दशरथदादांची ही धाकटी बहीण. नवऱ्याचा बर्फाचा कारखाना, त्यामुळे घरात लग्न असो की बारसं, बर्फ तिच्याकडचाच यायचा आणि त्याचं बोलणंही तीच ऐकवायची. उधव्याच्या रानात जांभळांखाली टेंपो थांबला तशी ती पदर खोचत उतरली आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या दाखवत म्हणाली, "हा घे यमुना, तुझ्या लेकीचा बर्फ. मीठ पण टाकलंय अर्धी गोण, बर्फ जास्त गार होतो त्यानं. आता वास येतो म्हणून नाक मुरडलंस तर परत नेते."

"नाही हो ताई, बाटल्यांना काय कळतंय वासाचं," यमुना म्हणाली आणि हसली.

सगळ्या घरात आज एकटी यमुनाच हसत होती. सोनल, तिची लेक, पहाटेपासून नुसती येरझाऱ्या घालत होती. आणि पोरीचा जीव टांगणीला लागावा असंच होतं सगळं. दिवाळीच्या बैठकीत दशरथदादांनी शब्द टाकला होता: सोनलने जांभळाची ती फसफसणारी वाइन माघापर्यंत चार माणसांपुढे ठेवण्यालायक करून दाखवावी. जमलं तर बावन्न झाडांचं हे रान तिच्या ताब्यात. नाही जमलं तर झाडं तुटणार, जमीन सपाट होणार आणि दादांचा मुलगा नविन तिथे लग्नाचं लॉन टाकणार. तलासरीचा रस्ता बांधाला लागून, गाड्या उभ्या करायला ऐसपैस जागा. नविनने आराखडासुद्धा काढून आणला होता, त्यात जांभळांच्या जागी स्टेज होतं आणि विहिरीच्या जागी कारंजं.

दादा घरात थोरले. त्यांच्या धाकट्या भावाला, यमुनाच्या नवऱ्याला, उमेशला, जाऊन आठ वर्षं झाली, पण त्याच्या वाट्याचा निर्णयही दादाच घ्यायचे आणि यमुना मान डोलवायची. अंगणवाडीत चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी ही बाई घरच्या बैठकीत चहाचे कप गोळा करण्यापलीकडे कधी काही बोलली नव्हती.

तरी आज ती निवांत होती. कारण शुक्रवारी दुपारी, सोनल डहाणूला ग्लास आणायला गेली होती तेव्हा, यमुनाने गुपचूप एक काम उरकून टाकलं होतं. पोरीला सांगितलं नव्हतं. मनात म्हटलं, असू दे, शिकलेल्या पोरांना वाटतं सगळं आपल्यालाच कळतं.

*

दादा अकराच्या सुमारास आले. नविन गाडी चालवत होता, मागे त्याची बायको निलम. निलम डहाणूला शाळेत शिकवायची. ती उतरली ती सरळ सोनलकडे गेली आणि टेबलावरचे उंच, निमुळते ग्लास पाहून म्हणाली, "इतके पातळ? धुताना माझ्या हातून एक तरी नक्की फुटणार."

"वहिनी, तुम्ही धुवायचेच नाहीत," सोनल म्हणाली. "मी गरम पाण्याने विसळून सुती फडक्याने पुसलेत. साबण लावला की फेस धरतच नाही. तुम्हाला मी सोडा घालून जांभळाचं सरबत देते, त्यात दारूचा थेंब नाही. चिमूटभर मीठ आणि जिरं आहे, बघा."

निलमने घोट घेतला आणि नाकात गेलेल्या सोड्याने डोळे मिटून घेतले. "हेच ठेव ना सगळ्यांना," ती म्हणाली. "भांडण मिटेल."

नविन टेबलापाशी आला. मुलगा वाईट नव्हता. सोनलला लहानपणी सायकल त्यानेच शिकवली होती, आणि आजही तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला वाईट वाटत असणार. पण व्यवहार म्हटला की त्याचं डोकं एकाच रुळावर चालायचं.

"चल गं, दाखव तुझी जादू," तो म्हणाला. "पण शॅम्पेन म्हटली की ठो आवाज व्हायला पाहिजे. आमच्या ऑफिसात फोडली होती, निम्मी छतावर गेली."

"तीच तर चूक आहे, नविनदादा. आवाज म्हणजे गॅस वाया गेला. चांगल्या हाताने उघडली तर नुसता सुस्कारा येतो." सोनल बोलायला लागली आणि तिचा आवाज स्थिर झाला. पाच वर्षं नाशिकला वाइनच्या कारखान्यात काढली होती तिने, पाहुण्यांना फिरवून दाखवायचं कामही केलं होतं. "आधी बाटली नीट गार हवी. पण ग्लासात बर्फ टाकायचा नाही, आत्या, तो हात मागे घ्या. ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. ओतताना तिरका करायचा आणि कडेकडेने धार सोडायची. फेस वर आला की थांबायचं. तो बसला की पुन्हा ओतायचं. ग्लास काठोकाठ भरायचा नाही, वास घ्यायला जागा ठेवायची."

"एवढं तर माझ्या लग्नात भटजीने पण सांगितलं नव्हतं," संगिता म्हणाली.

दादा खुर्चीत बसून ऐकत होते. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून जन्म गेला, पण बाविसाव्या वर्षापर्यंत ते बापाबरोबर ताडावर चढत होते. त्यांनी बर्फातून एक बाटली उपसली, हातात तोलली. "लई जड आहे गं. काच केवढी जाड."

"जाड लागतेच, मोठे काका. आत गाडीच्या टायरात असते त्याच्या तिप्पट हवा कोंडलेली असते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतो ना आपण, तो गॅस बाहेर जाऊ द्यायचा नाही. तोच तर सगळा खेळ. झाकण केसभर जरी सैल झालं तरी संपलं. उरतं ते नुसतं आंबट पाणी."

यमुना कपबशांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला. तिची नजर बर्फातल्या बाटल्यांच्या झाकणांवर गेली.

*

झालं होतं ते असं. यमुना ताडीवाल्याच्या घरात वाढली. ताडीचं भांडं कधी घट्ट बांधायचं नाही, हे ती चालायला लागायच्या आधी शिकली असेल. तिच्या धाकट्या भावाने, संदीपने, एकदा काचेची बाटली ताडीने भरून बूच ठोकून उन्हात ठेवली. बाटली फुटली आणि संदीपच्या गालावर जी खूण राहिली ती अजून आहे. तेव्हापासून फसफसणारं काहीही बंद दिसलं की यमुनाच्या हाताला चैन पडत नसे. शुक्रवारी शेडमध्ये गेली तर सोनलने गाळ काढून, स्वच्छ करून, पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या बारा बाटल्या. पत्र्याची झाकणं करकचून बसवलेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तिने ओपनर घेतला आणि एकेक झाकण हलकेच उचकटलं. सुस्स आवाज आला की तिला बरं वाटायचं. आवाज पुरता थांबेपर्यंत धरायची, मग अंगठ्याने झाकण परत दाबून बसवायची. बाराच्या बारा. कुणाच्या डोळ्यात काच जायला नको, एवढाच विचार. पोरीच्या काळजीपोटी केलं होतं, आणि केल्यावर छान झोपही लागली होती.

आता सोनलने पहिली बाटली उचलली होती.

"थांब," दादा म्हणाले. "पहिली धार जमिनीला. आपल्या घरात बाटली उघडली, मडकं उघडलं, आधी वाडवडलांना. मग आपण."

"हो, काका."

तिने ओपनर लावला. झाकण नुसतं निघून आलं. सुस्कारा नाही, काही नाही. सोनलच्या कपाळावर आठी पडली, पण तिने वाकून चार थेंब मातीत सोडले आणि दादांचा ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात केली. जांभळ्या-गुलाबी रंगाचं पाणी गुपचूप ग्लासात चढलं आणि गुपचूप बसून राहिलं. एक बुडबुडा नाही.

"ही एखादी असते," सोनल म्हणाली. "दुसरी घेते."

दुसरी तशीच. तिसरीही. चौथी उघडून तिने नुसती हातात धरली.

नविनने घोट घेतला. "चव छान आहे गं, खोटं नाही बोलणार," तो हळू आवाजात म्हणाला. "पण हे सरबत झालं, सोनल. आमच्या बाईसाहेबांच्या ग्लासात याच्यापेक्षा जास्त फेस आहे."

संगिताने तोंडाला पदर लावला. दादांनी ग्लास अर्धा संपवला, टेबलावर ठेवला आणि नुसतं "हं" म्हणाले. यमुना त्यांना तीस वर्षं ओळखत होती. तो "हं" निकालाचा होता.

"माझंच चुकलं," सोनल म्हणाली. डोळे कोरडे होते, पण ओठ पांढरे पडले होते. "हाताने झाकणं बसवायचं ते मशीन माझं जुनं आहे. झाकणं नीट बसलीच नाहीत. मी तपासायला हवं होतं. काका, माझी चूक आहे, दोन वर्षं घेतली तुमची."

यमुनाला दिसत होतं की आपण गप्प बसलो तर कुणाला कधीच कळणार नाही. शेडमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. पोरगी स्वतःला दोष देत राहील, झाडं जातील, नाशिकला परत नोकरी मिळेलच तिला. आणि आपण मूग गिळून उरलेला जन्म काढू. सोपं होतं. इतकं सोपं होतं की तिला स्वतःचाच राग आला.

"तिची चूक नाही," ती म्हणाली.

बोलली हळूच, पण बैठकीत ती बोलली याचंच सगळ्यांना एवढं आश्चर्य की माना वळल्या.

"झाकणं मी उचकटली. शुक्रवारी. बाराच्या बारा. मला वाटलं फुटतील. ताडीसारखं वाटलं मला. हवा काढून टाकली मी सगळी."

नविनने ग्लास टेबलावर ठेवला. मग संगिता इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. "अगं बाई, शॅम्पेनची ताडी केलीस तू," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

सोनल हसली नाही. तिने हातातली बाटली टेबलावर ठेवली आणि शेडकडे चालू लागली.

*

शेडमध्ये थंडावा होता. भिंतीला भोकं पाडलेल्या लाकडी फळ्या टेकवून ठेवलेल्या आणि भोकाभोकात माना खाली करून खोचलेल्या बाटल्या, शे-दीडशे असतील. सोनल त्यांच्याकडे पाठ करून उभी होती.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. "एक फोन, आई. दोन वर्षं मी रोज या बाटल्या पाव-पाव वळसा फिरवल्यात. ताप होता तेव्हा पण फिरवल्यात. तू पाहिलंयस."

"पाहिलंय."

"मग कसं गं केलंस? मला आत्ता तुझा इतका राग आलाय की काय बोलू कळत नाही."

"बोल ना. काहीही बोल," यमुना म्हणाली. "मी ऐकते." तिला रडू येत होतं, पण या वेळी रडणं म्हणजे पोरीकडून समजूत काढून घेणं, हे तिला कळत होतं. म्हणून ती उभी राहिली.

दारात सावली पडली. निलम होती, हातात अजून सरबताचा ग्लास. "बाबा चपला घालतायत," ती म्हणाली. "नविन गाडी वळवतोय. सोनल, या इथल्या बाटल्या कसल्या? यांची पण झाकणं काढलीत का काकींनी?"

"नाही," यमुना घाईने म्हणाली. "या उलट्या होत्या. यांना हात लावायची मला भीती वाटली."

"या तयार नाहीत, वहिनी. यांच्यात साका आहे. खमिराचा सगळा गाळ मानेत येऊन बसलाय. तो काढल्याशिवाय ग्लासात ओतता येत नाही, सगळं गढूळ होतं."

"मग काढ."

"इतकं सोपं नाही. बाटली उलटी असतानाच झाकण उडवायचं. आतल्या दाबाने गाळ बाहेर फेकला जातो, त्याच क्षणी बाटली सरळ करून अंगठा दाबायचा. एवढासा उशीर झाला तर निम्मी बाटली जमिनीवर. त्या बारा करायला मी वीस उघडल्या होत्या. आणि आधी बर्फात तासभर गार कराव्या लागतात, नाहीतर फेस आवरतच नाही."

"बर्फ बाहेर दोन लाद्या पडलाय," निलम म्हणाली. "आणि तास मी देते तुला. बाबांना जेवायला बसवते. उंबरगावहून आणलेली उंधियूची भाजी आहे डब्यात, ती पाहिल्यावर ते कुठे जात नाहीत."

सोनल तिच्याकडे वळली. "वहिनी, लॉन तर तुमचंच होणार आहे."

"माझं?" निलमने ग्लास फळीवर ठेवला. "आराखड्यात स्टेज आहे, कारंजं आहे. पाहुण्यांच्या पंगती कोण बघणार, भांडी कोण मोजून घेणार, दर शनिवार-रविवार इथे कोण उभं राहणार, ते आराखड्यात नाही. नविनने मला विचारलंच नाही. मला सुट्टीच्या दिवशी झोपायचंय, सोनल. काढ तुझा गाळ."

*

संगिता बर्फ फोडायला बसली ते कुणी न सांगता. मोगरीचे असे घाव घातले की लादीचा भुगा झाला. यमुना तिच्या समोर बसून टबात एक थर बर्फाचा, एक थर मिठाचा असं रचत होती आणि सोनल सहा बाटल्या माना खाली करून त्यात रोवत होती.

"लॉन झालं असतं तर बर्फाचं सगळं काम माझ्याच घरी येणार होतं," संगिता फोडता फोडता म्हणाली. "नविनने कबूल केलंय. दिवाळीत मी त्याच्याच बाजूने बोलले ते काय उगाच?"

"मग ताई, तुम्ही हे..."

"मला बघायचंय गं. चाळीस वर्षं बर्फ विकतेय, सगळा मेलेल्या माशांवर जातो. एकदा तरी दुसऱ्या कशाला लागू दे. मीठ घाल तिकडे, कोपरा राहिला."

जेवण झालं. दादांनी सुपारी तोंडात टाकली आणि सोनल समोर येऊन उभी राहिली, अंगात जुना रेनकोट, हातात दंवाने पांढरी झालेली, मान खाली धरलेली बाटली.

"काका, अजून एक संधी द्या. फक्त बघा."

"बघतो," दादा म्हणाले. नविन घड्याळाकडे बघत होता, पण तोही उभा राहिला.

सोनलने बाटलीचं बूड डाव्या दंडाशी टेकवलं, मान पायाकडे, आणि उजव्या हाताने ओपनर लावला. एका हाताने धरायची, दुसऱ्याने झाकण उडवायचं आणि त्याच दुसऱ्या हाताचा अंगठा वेळेत आणायचा. तिने झटका दिला. फाट्कन आवाज झाला, गाळ उडाला, पण बाटली हातात फिरली आणि अंगठा पोचेपर्यंत गुलाबी कारंजं सुटलं. ते थेट नविनच्या पांढऱ्या शर्टावर गेलं.

"दाब तर आहे," नविन शर्ट झटकत म्हणाला, आणि नको असताना त्याला हसू फुटलं.

दादा खुर्चीच्या कडेवर सरकले होते. "हात कमी पडतोय तुला," ते म्हणाले. "ताडावर पण असंच असतं. मडकं एकाने धरायचं, कापायचं दुसऱ्याने. एकट्याने केलं की सांडतंच."

सोनलने दुसरी बाटली उपसली. ती पुसली, उजेडाकडे धरून मानेतला गाळ पाहिला. मग ओपनर आईपुढे धरला.

"मी?" यमुना म्हणाली.

"तूच. बारा झाकणं काढलीस आणि एकाची पण कड वाकली नव्हती, मी पाहिलं. माझा हात इतका हलका नाही. मी आता म्हटलं की एका दमात काढायचं. हळू नाही. हवा थोडी थोडी सोडायची नाही, आई."

यमुनाचे हात घामाने ओले झाले होते. तिने ते पदराला पुसले आणि लेकीसमोर गुडघे टेकून बसली. बाटली इतकी गार होती की बोटं चिकटत होती. झाकणाच्या कडेखाली ओपनरचा दात गेला. वर सोनलचा श्वास ऐकू येत होता. बाटली हळूहळू वर यायला लागली, आतला बुडबुडा मानेकडे सरकायला लागला.

"आता."

यमुनाने मनगट फिरवलं. झाकण टणकन टेंपोच्या पत्र्यावर जाऊन आपटलं, आणि साक्याचा मळकट गोळा पिचकारीसारखा उडून जांभळाच्या बुंध्याशी मातीत पडला. सोनलचा अंगठा मानेवर बसला होता. बाटली सरळ उभी होती आणि अंगठ्याच्या कडेने नुसता बारीक, रागीट सुस्कारा येत होता.

दादा उठून बुंध्यापाशी गेले. ओल्या मातीवर फेस तडतडत होता. त्यांनी थोडा वेळ तिकडे पाहिलं. "न विचारताच घेतला वाटा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आमच्या बानं लावलेलं झाड आहे हे. सगळे चिकू लावत होते तेव्हा लोक हसले होते त्याला."

सोनलने ओतायला घेतलं. ग्लास तिरका, धार कडेला. फेस गुलाबी, दाट, काठापर्यंत सरसरत चढला आणि थांबला. ती थांबली. फेस बसला, तिने पुन्हा ओतलं. आता तळापासून बुडबुड्यांच्या बारीक माळा सुटल्या होत्या, एकामागून एक, संपतच नव्हत्या. वाकून बघणारी संगिता पहिल्यांदाच गप्प होती.

दादांनी घोट घेतला. तोंडात धरला, गिळला. दुसरा घेतला. नविनने घेतला, आणि तो ग्लास उंच करून उजेडात बघत राहिला. संगिताने एका दमात संपवून ग्लास पुढे केला. चौथा ग्लास सोनलने आईच्या हातात दिला. यमुनाने अंगणवाडीत लागल्यापासून अशा कशाला तोंड लावलं नव्हतं. आज लावलं. आधी जिभेला सुया टोचल्या, मग जांभळाचा तो तुरट, ओळखीचा गर आला, आणि मग नाकात असा झणका गेला की तिला सणसणीत शिंक आली. सगळे हसले, सोनलसुद्धा. पोरीला हसताना पाहून यमुनाचा जीव भांड्यात पडला.

"चांगली आहे," नविन म्हणाला. "खरंच चांगली आहे. पण बाबा, निम्म्या बाटल्या अशा शर्टावर जाणार असतील तर धंदा कसा व्हायचा? मी म्हणतो, अर्ध्या रानात लॉन करू. सव्वीस झाडं सोनलला पुरतील. लग्नाला येणाऱ्यांना तीच पाजू हवं तर."

दादांनी हनुवटी खाजवली. नविनचं म्हणणं वाईट वाटत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सोनलने आईकडे पाहिलं नाही, पण तिच्या खांद्यांत पुन्हा तोच ताण आला. निलमने तोंड उघडलं आणि सासऱ्यांसमोर बोलावं की नाही म्हणून मिटलं.

यमुनाने ग्लास खाली ठेवला. यापूर्वी अशा वेळी ती कप गोळा करायला उठली असती.

"नाही," ती म्हणाली. "दादा, तुम्ही थोरले. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. पण या रानात निम्मा वाटा उमेशचा आहे, म्हणजे माझा. त्यातलं एक झाड मी तोडू देणार नाही. आणि तुमच्या वाट्यातली पण तोडू नका असं मी सांगतेय. विनवत नाही, सांगतेय. आज जे झालं ते माझ्या चुकीने बिघडलं आणि माझ्या लेकीच्या हाताने सावरलं. याच्यापेक्षा जास्त काय बघायचंय तुम्हाला?"

एवढं सगळं एका श्वासात बोलून ती थांबली. तिची मान खाली गेली नाही. वर जांभळात कुठेतरी बुलबुल बोलत होते. दादा तिच्याकडे बघत होते, जणू ही बाई आज पहिल्यांदाच त्यांच्या अंगणात आली होती.

"आठ वर्षं झाली उमेशला जाऊन," ते शेवटी म्हणाले. "दर बैठकीला मला वाटायचं, ही आता बोलेल. तू कधी बोलली नाहीस, म्हणून मी ठरवत गेलो." त्यांनी नविनकडे पाहिलं. "लॉनला दुसरी जागा बघ. आणि आधी बायकोला विचार."

निलमने मान फिरवून हसू लपवलं.

सोनलने बाटली उचलली, दादांचा रिकामा ग्लास भरायला. दादांनी ग्लास मागे घेतला. "तू नाही," ते म्हणाले. "आमचा बा म्हणायचा, ज्याचं झाड त्यानं ओतायचं. यमुना, घे बाटली."

यमुनाने बाटली घेतली, बुडाच्या खोबणीत अंगठा घालून, मघाशी लेकीने धरली होती तशी. दादांचा ग्लास भरला. फेस काठाशी आला तशी ती थांबली, बसू दिला, पुन्हा ओतलं. एक थेंब बाहेर गेला नाही. मग संगिताचा. मग ती नविनपुढे जाऊन उभी राहिली, त्याच्या शर्टावरच्या जांभळ्या डागासमोर. त्याने शर्टाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ओता, काकी," तो म्हणाला आणि त्याने आपला ग्लास तिरका केला.